नऊ डोंगर, दहा नद्या आणि एक ओढा

शिछ्याव, १९८३
अकरावा महिना, सहावी

आत्या,

तुझी तब्येत, आतोबांचा खोकला आणि कोंबड्या, सगळं ठीक असेल असं धरून चालते. टपालवाला खाली चुलीशी बसून गरम सार पितोय आणि त्याचा वाडगा संपत आलाय, म्हणून कामाचंच लिहिते.

माझं लग्न ठरलं. बाराव्या महिन्याची अठरावी. मुलगा छिन शूलिन, ओढ्यापलीकडच्या टोफूवाल्या छिनांचा. तू त्याला पाहिलंयस. मागे नव्या वर्षाला दोघांनी आत शिरून कापडाचा सिंह नाचवला, त्यात सिंहाचे मागचे पाय तोच होता. पुढचे पाय डावीकडे गेले आणि हा उजवीकडे गेला, आठवतं? तोच.

मला तो आवडतो. अडचण तीच आहे.

पंधरावीच्या संध्याकाळपासून तीन दिवस मला रडायचंय, आणि तेही गाण्यातून. आईसाठी वेगळं, वहिनीसाठी वेगळं, दारात येईल त्या प्रत्येक नातेवाइकासाठी वेगळं, आणि शेवटी लग्न जुळवणाऱ्या बाईला, म्हणजे फंग काकींना, शिव्या. मधली काही वर्षं जुन्या चाली बंद होत्या, त्यामुळे माझ्या वयाच्या एकीलाही नीट रडता येत नाही. गावातलं हे इतक्या वर्षांतलं पहिलं मोठं रडणं. लोक आत्तापासून विचारतायत, बसायला स्टूल आणू का म्हणून.

काल आईने सराव घेतला. मी 'आई गं' अशी सुरुवात केली आणि हसले. पुन्हा केली, पुन्हा हसले. तिसऱ्या वेळी तिने पळी उचलली. पळी बघून तर फारच हसू आलं.

आई म्हणाली, "पंधरावीला पाहुण्यांसमोर तुझ्या डोळ्यांतून पाणी आलं नाही, तर फंग काकींना ओढ्यापलीकडे पाठवते आणि लग्न पुढच्या हिवाळ्यावर ढकलते. कोरड्या डोळ्यांची मुलगी या घरातून जाणार नाही. लोक म्हणतील, हिला आईबापांची माया नाही."

आई बोलते ते करते. मागे वहिनीला म्हणाली होती, मुळा जाड चिरलास तर जेवणार नाही. दोन दिवस जेवली नाही.

एक वर्ष थांबायचं म्हणजे एक वर्ष रोज सकाळी समोरच्या काठावर तो टोफूचं फडकं पिळताना बघायचा. आत्या, तुझ्यासारखं रडणारी आपल्या खोऱ्यात कोणी नाही असं बाबा सांगतात. मला शिकव. वाडगा संपला.

तुझी,
श्वेचू


माओशी पेठ
अकरावा महिना, बारावी

श्वेचू बाळा,

मी सांगतेय आणि तुझे आतोबा लिहितायत.

(कंसातलं माझं, बाकी सगळं तिचं. — आतोबा)

आधी ऐक, रडणं म्हणजे काय. मी माझ्या लग्नात चाळीस दिवस रडले. एकेचाळिसाव्या दिवशी घसा बसला म्हणून थांबले. आचारी रडला, ढोलवाला रडला, सनईवाल्याच्या सनईत पाणी शिरलं.

(मला आठवत नाही. — आतोबा)

(ती म्हणते, यांना लिहायला बसवलं की असंच करतात. हेही लिहा म्हणाली. लिहिलं. — आतोबा)

रडणं घशातून काढायचं नाही, पोटातून काढायचं. पहिला शब्द वर न्यायचा, मग पायरीपायरीने खाली आणायचा, शेवटी श्वास असा ओढायचा की शेजारची म्हणाली पाहिजे, 'गेली बाई गुदमरून.' मग पुढची ओळ.

पाणी आपोआप येत नाही, त्याला काहीतरी दाखवावं लागतं. तुमच्या गोठ्यातलं डुक्कर पिल्लू असल्यापासून तूच वाढवलंस ना? लग्नाला तेच कापणार. त्याच्याकडे बघ आणि मनात म्हण, 'तूही जाणार, मीही जाणार.' नाही आलं पाणी, तर आजीला आठव.

आणि मुलगा आवडतो हे आईसमोर बोलू नकोस. आवडत असला तरी तीन दिवस आवडत नाही असं धरायचं.

तुझी,
आत्या

(खोकला बरा आहे. कोणी विचारत नाही म्हणून सांगितलं. — आतोबा)


शिछ्याव
अकरावा महिना, विसावी

आत्या,

आतोबांच्या खोकल्याबद्दल मी पहिल्याच ओळीत लिहिलं होतं, त्यांना सांग.

डुकराचं केलं. त्याच्यासमोर बसले आणि म्हटलं, 'तूही जाणार, मीही जाणार.' त्याने माझ्याकडे बघितलं. मग मला चुलीवर टांगून धुरी दिलेलं मांस आठवलं, ते लसणाच्या पातीबरोबर परततात ना, ते. भूक लागली. आत जाऊन दोन वाडगे भात खाल्ला. आईने विचारलं, "रडलीस?" म्हटलं, "तोंडाला पाणी सुटलं."

आजीचंही केलं. पण आजी आठवली की ती स्वतःच वाळत घातलेले शेंगदाणे स्वतःच चोरून खायची आणि मग 'चोर, चोर' म्हणून ओरडायची, तेच आठवतं. त्याने कसं रडायचं?

खरी अडचण गाण्यातच आहे. आईने मला तिचं स्वतःचं रडणं पाठ करून घेतलंय:

नऊ डोंगर चढून जाते माझी वाट,
दहा नद्यांपल्याड, आई, कोण धरील हात?

काल माडीच्या कठड्याशी उभी राहून, तू सांगितलंस तसं पोटातून, पहिला शब्द वर नेला. जमत होतं. आईच्याही चेहऱ्यावर जरा समाधान आलं. तेवढ्यात ओढ्यापलीकडून शूलिनची आई ओरडली, "श्वेचू, तुमच्याकडे मीठ आहे का गं? आमचं संपलं!"

आईने इकडून ओरडून सांगितलं, "आहे, पाठवते!" आणि मला म्हणाली, "जा, देऊन ये."

मग मी नऊ डोंगर चढले, दहा नद्या ओलांडल्या, मीठ दिलं, आणि परत आले तेव्हा चुलीवरचं पाणी उकळलंही नव्हतं.

तूच सांग. ओढ्यात अकरा दगड आहेत, मी लहानपणापासून त्यांच्यावरून उड्या मारते. गाणं बदललं तर चालेल का? 'अकरा दगड ओलांडून जाते माझी वाट' असं काही? निदान खोटं तरी वाटणार नाही.

पंचवीस दिवस उरले.

श्वेचू


माओशी पेठ
अकरावा महिना, सत्ताविसावी

श्वेचू,

गाणं बदलायचं नाही! गाण्यातले डोंगर मोजायचे नसतात. तुझी पणजी शेजारच्याच घरात दिली होती, मध्ये फक्त एक कुंपण, आणि ती बारा डोंगर रडली. कोणी मोजायला गेलं नाही.

(कुंपण मोडकं होतं असं ऐकलंय. — आतोबा)

आता खात्रीचा उपाय. सुक्या लाल मिरच्या बारीक कुटून, त्या पाण्यात रुमाल भिजवून वाळवायचा. रडायला बसलीस की तो डोळ्यांशी न्यायचा. अगदी नुसता न्यायचा, चोळायचा नाही. घरातल्या दुसऱ्या कोणाच्या हाती तो रुमाल पडू देऊ नकोस.

लग्न जुळवणारीला घालायच्या शिव्या खाली देते. या मी स्वतः जुळवल्यात. फंग काकीचंच नाव घालून दिलंय:

फंग काकी, फंग काकी, तुझ्या जिभेला हाड नाही,
काटेरी झुडूप दाखवून म्हणशी, असं दुसरं झाड नाही!
इकडे जेवलीस, तिकडे जेवलीस, पोट कुठे भरलं?
माझं लग्न पचवून आता कुणाचं दार धरलं?

यात मात्र हसलीस तरी चालेल, दात दिसले की राग वाटतो.

तुझी,
आत्या

(ती कोंबड्यांना दाणे टाकायला गेलीय म्हणून घाईत लिहितो. ती रडली नव्हती. चाळीस दिवस तर सोडच, चाळीस थेंबही नाहीत. आमची पालखी दारात पोचली तर ही गाठोडं काखेत घेऊन फाटकापाशी आधीच उभी. मी पालखीच्या मागे होतो, डोळ्यांनी पाहिलं. तरी आमचा संसार झालाच ना? घाबरू नकोस. पत्र वाचून जाळ. आली.)


शिछ्याव
बारावा महिना, पाचवी

आत्या,

रुमाल केला. दोन दिवस कठड्यावर वाळत घातला होता. आई मुळे धुऊन आली, हात ओले, समोर रुमाल. तिने आधी हात पुसले, मग घाम पुसला.

मग जे झालं ते मी लिहीत नाही. आईच्या डोळ्यांचं पाणी तीन दिवस थांबलं नाही. दुसऱ्या दिवशी शेजारच्या श्यांग काकू पीठ मागायला आल्या. कोणाच्या घरी कोण किती रडलं याचा हिशोब गावात त्याच ठेवतात, तुला ठाऊक आहे. आईला बघून दारातच थबकल्या. म्हणाल्या, "अगं बाई! मुलगी जायला अजून पंधरा दिवस आहेत आणि तुझी ही दशा?"

आई हुंदका देत म्हणाली, "आईचं काळीज आहे."

आता गावभर आईचं कौतुक चाललंय. त्यामुळे माझं जास्तच कठीण झालं. ज्या घरात आई पंधरा दिवस आधीपासून रडते त्या घरातली मुलगी कोरडी निघाली, तर कसं दिसेल?

शिव्यांचा सराव फंग काकींसमोरच केला. त्या पाय पसरून बसल्या, सूर्यफुलाच्या बिया फोडत सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, "एवढंच?" मला वाटलं चिडल्या. चिडल्याच होत्या, पण वेगळ्याच कारणाने. म्हणाल्या, "हे तर कौतुक झालं. गेल्या वर्षी वरच्या वाडीतल्या मुलीने मला जेवण होईपर्यंत शिव्या दिल्या. कुत्री म्हणाली, जळू म्हणाली, फुटकं मडकं म्हणाली. त्यावर मला तीन स्थळं मिळाली. तू मला नुसती बडबडी म्हणतेस? माझा धंदा बसवायचाय का तुला?" मग त्यांनीच मला आणखी सोळा ओळी सांगितल्या. त्यातल्या चार मी आईसमोर म्हणू शकत नाही.

तेवढं एक जमतंय. रडणं नाही.

आणि आत्या, रागावू नकोस. मी मागचं पत्र जाळलं नाही. आतोबा, मला क्षमा करा. त्यांनी लिहिलंय ते खरं आहे का? खरं असेल तर मला खरं सांग. माझ्याकडे दहा दिवस आहेत. शूलिनला लग्न पुढे जाण्याबद्दल काही ठाऊक नाही. तो रोज ओढ्याच्या पलीकडून हात हलवतो आणि मी खोटं खोटं तोंड फिरवते, सरावासाठी.

श्वेचू


माओशी पेठ
बारावा महिना, दहावी

श्वेचू,

हे पत्र तुझे आतोबाच लिहितायत, आणि एकही कंस टाकायचा नाही असं त्यांना बजावलंय.

खरं आहे.

मला तेव्हा घरातून निघायची घाई होती. सात भावंडं, एक पांघरूण, आणि पालखीत मी आयुष्यात कधी बसले नव्हते. बायका रडत होत्या आणि मी पालखीचं छत बघत होते. माझी आई मला निरोप द्यायला दारापर्यंत आली नाही. आतच बसून राहिली, लोकांना काय तोंड दाखवू म्हणून. ते मला अजून लागतं.

मग इथे आल्यावर डोंगरावर गवत कापायला जायचे, तेव्हा एकटीच रडायला शिकले. आईसाठीचं, वहिनीसाठीचं, सगळं. नीट शिकून होईपर्यंत दोन पावसाळे गेले, आणि माझं लग्न तर होऊन गेलं होतं. मग दुसऱ्यांच्या लग्नांत रडले. लोक म्हणायला लागले, हिच्यासारखं कोणी रडत नाही. मी नाही कशाला म्हणू?

म्हणून मला तुझं रडणं नीट व्हायला हवं होतं. मी स्वतः येऊन तुझ्या शेजारी बसणार होते, तुला जमलं नाही तर तुझ्या मागून मी आवाज काढणार होते. गाठोडंही बांधलं होतं. पण काल बर्फ पडला आणि खिंड बंद झाली. बस नाही, टपालवाला तेवढा चालत जातो म्हणतोय.

आता माझ्याकडे उपाय उरलेला नाही. एवढंच कर, मान खाली ठेव.

आत्या

( )

हा कंस रिकामा आहे, त्यामुळे तो मोजायचा नाही असं आतोबा म्हणतात.


शिछ्याव, पलीकडचा काठ
बारावा महिना, बाविसावी

आत्या,

तुझं पत्र सोळावीला मिळालं, म्हणजे पंधरावी उलटून गेल्यावर. पत्त्यावरून कळलंच असेल काय झालं. तरी सगळं सांगते.

पंधरावीच्या संध्याकाळी नऊ मैत्रिणी माझ्याभोवती टेबलाशी बसल्या. खोलीत चाळीसेक माणसं. श्यांग काकू घरून स्टूल घेऊन आल्या होत्या आणि थेट पुढे. आई माझ्याजवळ. मी तोंडावर रुमाल धरला (साधा), मान खाली घातली, आणि 'नऊ डोंगर' सुरू केलं. आवाज बरा लागला. पाणी मात्र नाही. मला स्पष्ट दिसत होतं, पुढचा हिवाळा, टोफूचं फडकं, पिळणारा शूलिन.

दुसरी ओळ घेतेय तोच ओढ्यावरून सासूबाईंचा आवाज आला, "अरे, तो दगड नीट बसव! नाहीतर अठरावीला नवरी पडेल!" शूलिन माझ्या वाटेतले दगड पक्के करत होता. पुढच्याच क्षणी धप्पकन पाण्यात काहीतरी पडलं, आणि त्या बर्फासारख्या पाण्यातून त्याची किंकाळी आली.

मी रुमाल तोंडात कोंबला. खांदे गदगदा हलायला लागले. आवाज दाबायला गेले तर घशातून असं काही निघालं की मागे कोणीतरी म्हणालं, "गेली बाई गुदमरून." आई वाकली, रुमालाखाली तोंड घातलं आणि दातओठ खाऊन म्हणाली, "हसतेस?"

मी म्हटलं, "आई, तो पडला."

आईने माझ्याकडे बघितलं. मग तिचे खांदे हलायला लागले. आम्ही दोघी एकमेकींच्या गळ्यात पडलो, कारण तोंड लपवायला दुसरी जागा नव्हती. हसून हसून इतकं पाणी आलं की आईच्या सदऱ्याची बाही भिजली. मैत्रिणी रडायला लागल्या, वहिनी रडली, बाबा उठून बाहेर गेले. श्यांग काकू स्टुलावरून उठून म्हणाल्या, "तीस वर्षांत मायलेकींचं असं रडणं पाहिलं नाही."

पाणी आलं ना? आई शब्दाला जागली. लग्न ठरल्या दिवशी झालं.

पण पुढचे दोन दिवस आम्हाला एकमेकींकडे बघायची सोय राहिली नाही. बघितलं की खांदे हलायचे. शेवटी आईने सगळ्यांना सांगितलं की मुलीचा घसा गेला. त्यामुळे पाहुण्यांसाठीचं वेगवेगळं रडणं राहूनच गेलं. फक्त फंग काकींना वीस ओळी पूर्ण मिळाल्या. त्यांना लगेच दोन स्थळं आली.

अठरावीला दादाने मला पाठीवर घेतलं आणि अकरा दगड ओलांडले. वाजंत्र्यांची पहिली धूनसुद्धा पूर्ण झाली नाही. ते म्हणाले, पुन्हा मागे जाऊन या.

आता ऐक. एकोणिसावीच्या सकाळी मी इथल्या खिडकीशी सोयाबीन निवडत होते. समोर आमच्या घरी आई कठड्याजवळच्या टेबलावर न्याहारीचे वाडगे मांडत होती. तिने पाच मांडले. मग थांबली. एक उचलला. आत गेली, परत आली, तो वाडगा पुन्हा होता तिथे ठेवला आणि नुसती उभी राहिली.

बस, एवढंच. आणि आत्या, मला रडू आलं. तू सांगितलंस तसं पोटातून. थांबेचना.

सासूबाईंच्या हातातून टोफूची पाटी पडली. नव्या सुनेने सासरी पहिल्याच सकाळी रडायचं म्हणजे घराला अपशकुन! "काय झालं गं? कोण काय बोललं?" शूलिन दोन्ही हात वर करून म्हणाला, "मी काही केलं नाही. मी अजून उठलोही नव्हतो." शेवटी सासूबाईंनी मला हाताला धरून ओढ्यावर नेलं आणि सांगितलं, "रड बाई, हवं तेवढं रड. पण तोंड तिकडे कर."

मी तिकडे तोंड केलं. आई कठड्याशी आली आणि ओरडली, "आता? आता रडतेस?"

मी 'नऊ डोंगर' सुरू केलं. आई धावत खाली आली, तिच्या काठावर उभी राहिली आणि चालीप्रमाणे उत्तर देऊ लागली. मध्ये गुडघाभर पाणी. दहा नद्या म्हणताना मला वाटलं हसू येईल. आलं नाही. दोन्ही काठांवर गाव जमलं, कोणीच हसलं नाही. श्यांग काकू हळूच आईला म्हणाल्या, "मग पंधरावीला ते काय होतं?"

आई डोळे पुसत म्हणाली, "तो सराव होता."

त्याचा परिणाम असा झालाय की ज्यांचं राहिलं होतं ते सगळे परत यायला लागलेत. धाकटे काका तीन कोस चालून आले, पाठीवर टोपली, म्हणाले, "माझ्या वाटचं राहिलंय." मावशी आली, तिच्या जावा आल्या. मी रोज सकाळी टोफू झाला की ओढ्यावर बसते आणि एकेकाचं रडते. सासूबाई आलेल्यांना गरम सोयाबीनचं दूध देतात आणि रांग लावतात. शूलिन म्हणतो, एवढी गर्दी टोफूला कधी नव्हती.

तुझी पाळी मी राखून ठेवलीय. तुझ्यासाठी नवीन ओळी जुळवल्यात, त्यात पालखी आहे. खिंड उघडली की पहिल्या बसने ये आणि आतोबांनाही आण. मात्र उशीर करू नकोस. अजून ओल आहे, पण काल मोठ्या मामांचं रडताना मला मध्येच हसू आलं.

तुझी,
श्वेचू